मागच्या चाकाची तार पुन्हा पुन्हा तुटते? डिस्क ब्रेकवाल्या सायक्लोक्रॉस सायकलचं निदान

जून ते ऑक्टोबर या पाच महिन्यांत माझ्या मागच्या चाकाच्या पाच तारा तुटल्या. पाचवी तुटली ती इंदूरजवळच्या पातालपानीहून परतताना, महूच्या अलीकडे. मागून ‘टण्ण’ असा आवाज आला आणि वळून न बघताच कळलं. तोवर कान तयार झाला होता.

सायकल सायक्लोक्रॉसची, म्हणजे चिखल-गवतातल्या शर्यतीसाठी बनवलेली, डिस्क ब्रेकची, 35 मिमीचे टायर. मी 82 किलोचा. रोज इंदूरच्या राजेंद्रनगरहून ऑफिस, आणि रविवारी राऊ-महू-पातालपानी नाहीतर खंडवा रोडने सिमरोलचा घाट. दर वेळचा क्रम ठरलेला: दुकानात जायचं, एक तार बदलायची, चाकाचा आऊट, म्हणजे वाकडेपणा, काढून घ्यायचा, दोन-तीन आठवडे सुखात जायचे आणि पुन्हा टण्ण. पहिल्या दुकानात कारण सांगितलं खड्ड्यांचं. दुसऱ्यात म्हणाले, रिम हलकी आहे, मजबूत रिम टाका. तिसऱ्या उस्तादाने काही न बोलता माझ्या पोटाकडे बघितलं.

तिघांच्याही म्हणण्यात थोडं थोडं तथ्य होतं, पण मूळ दुखणं वेगळंच निघालं. तारा ढिल्या होत्या. ज्यांना हाच त्रास आहे आणि जे आता वैतागून ‘मजबूत चाकं कोणती घेऊ’ असं विचारत फिरताहेत, त्यांनी पैसे मोजण्याआधी हे वाचावं.

आधी तुटलेला तुकडा बघा

तुटलेली तार दुकानातच टाकून येऊ नका. ती कुठे तुटली यावरच सगळं निदान आहे. माझ्या पाचपैकी चार तारा हबच्या (चाकाच्या मधल्या तुंब्याच्या) भोकाशी, जिथे तार काटकोनात वाकते तिथे तुटल्या होत्या. भिंगाखाली धरलं तर तुटलेल्या तोंडाचा अर्ध्याहून जास्त भाग गुळगुळीत आणि किंचित काळपट, उरलेला खरखरीत आणि चकचकीत. म्हणजे तार त्या दिवशी तुटली नव्हती. गुळगुळीत भाग हळूहळू, आठवडेच्या आठवडे चिरत गेला होता; चकचकीत तेवढाच त्या दिवशीचा. खड्ड्यांना उगाच शिव्या घातल्या मी.

हा थकवा आहे, धक्का नाही. लोखंडाची पट्टी खालीवर वाकवून वाकवून तोडतो, तसलाच प्रकार. चाक फिरताना जी तार तळाशी येते तिचा ताण क्षणभर उतरतो, वर गेली की पुन्हा चढतो. 35 मिमीच्या टायरचा घेर सुमारे 2.17 मीटर, म्हणजे एका किलोमीटरला 460 फेरे. दीड हजार किलोमीटर झाले की प्रत्येक तार सातेक लाख वेळा ही उठाबशी काढून चुकलेली असते. तार पुरेशी ताणलेली असेल तर तळाशीही तिच्यात थोडा ताण शिल्लक राहतो आणि वाक भोकात घट्ट बसून राहतो. ढिली असेल तर ती तळाशी पूर्ण सैल पडते, वाक भोकात हलतो, वर जाताना पुन्हा खेचला जातो. तो हलतो तिथेच चीर पडते. शिवाय तिच्या वाटणीचं काम शेजारच्या तारांवर जातं, आणि म्हणून एक बदलली की महिन्याभरात तिची शेजारीण जाते.

तार वाकापाशी न तुटता निपलच्या (रिमपाशी तार आवळणाऱ्या छोट्या नळीच्या) तोंडाशी आट्यांवर तुटत असेल तर ती रिममधून बाहेर पडताना तिरकी ओढली जातेय. निपलचं डोकंच उडून रिमच्या आत खुळखुळत असेल तर तार आखूड आहे: तिच्या आट्या निपलच्या डोक्यापर्यंत पोचलेल्या नाहीत आणि सगळा भार निपलच्या नाजूक मानेवर येतोय. ॲल्युमिनियमचे निपल असतील तर हे आणखी लवकर होतं. उजवीकडच्या तारांवर वाकाजवळ ओरखडे असतील तर चेन कधीतरी कॅसेटवरून (मागच्या दातेरी चक्रांच्या गठ्ठ्यावरून) उडून तारांत अडकली आहे; तिथे आधी डिरेलरचा, म्हणजे गिअर बदलणाऱ्या यंत्राचा, स्क्रू नीट लावा, चाकाला दोष देऊ नका. आणि रिमच्या भोकाभोवती बारीक चिरा दिसल्या तर रिम संपली, त्यावर उपाय नाही.

माझी पाचवी तार निपलपाशी तुटली होती. दुकानाने घातलेली तार तीन मिमी आखूड होती. मापाची नव्हती, म्हणून हाताशी होती ती लावून दिली. हे मला घरी मोजपट्टी लावल्यावर कळलं.

डिस्क ब्रेकमुळे दुखणं लपतं

रिम ब्रेकच्या सायकलवर चाक दोन मिमी आऊट झालं तरी त्याच दिवशी ब्रेकचं रबर घासायला लागतं आणि माणूस मुकाट्याने दुकान गाठतो. डिस्कच्या सायकलवर घासायला रबरच नाही. रोटर, म्हणजे ब्रेकची चकती, हबवर बसलेला. रिम डावीउजवीकडे नाचली तरी रोटरला पत्ता नसतो. त्यात सायक्लोक्रॉसच्या फ्रेमला चिखलासाठी टायरभोवती ऐसपैस जागा ठेवलेली असते. त्यामुळे चाक पाच मिमी वाकडं होऊन टायर फ्रेमला लागेपर्यंत आपण बेफिकीर. तेवढ्या काळात तारा सैल पडून पडून थकतात.

यावर अगदी फुकटचा उपाय आहे. मागच्या फ्रेमच्या दांड्याला, रिमच्या कडेशी, एक झिप टाय बांधायचा आणि त्याची शेपटी रिमपासून दोन मिमीवर कापायची. चाक फिरवलं आणि शेपटी कुठे टिकटिकली की समजायचं. मी दर रविवारी हवा भरताना एवढं बघतो.

दुसरी गोष्ट ब्रेकच्या जोराची. आपल्या दूधवाल्यांच्या जुन्या काळ्या सायकली आठवा: पुढे 32 तारा, मागे 40, दोन्ही बाजूंना कॅन लटकलेले, आणि रॉडचा ब्रेक रबरी गुटका थेट रिमला दाबणारा. तिथे ब्रेकचा जोर रिमवरच सुरू होऊन रिमवरच संपायचा. डिस्कमध्ये पकड हबवर बसते आणि चाक थांबतं जमिनीपाशी. मधलं सगळं ओझं तारांमधून जातं. 160 मिमीच्या रोटरवर पॅड साधारण 75 मिमीच्या अंतरावर धरतात, टायर मात्र 345 मिमीवर फिरतोय. म्हणजे टायरपाशी 20 किलोचा अडथळा हवा असेल तर पॅडला त्याच्या साडेचारपट जोर लावावा लागतो. सिमरोलच्या घाटात मागचा ब्रेक धरून उतरताना प्रत्येक तारेचा ताण त्यामुळे ढोबळ हिशेबाने आठ-दहा किलोंनी चढतो किंवा उतरतो; निम्म्या तारांचा चढतो, निम्म्यांचा उतरतो. मुळात शंभरावर ताणलेल्या तारेला याचं काही वाटत नाही. पंचवीसवर लोंबणाऱ्या तारेला वाटतं, कारण तळाशी अंगावर पडणारं वजन वेगळंच.

म्हणूनच डिस्कच्या चाकाला, पुढच्यालासुद्धा, तारा एकमेकींना फुली मारून गेलेल्या हव्यात. पुढच्या चाकाच्या तारा हबपासून सरळ रिमकडे गेलेल्या, असलं चाक कुणी ‘डिस्कला चालेल’ म्हणून गळ्यात मारत असेल तर घेऊ नका. सरळ तार वळणाचा जोर पेलूच शकत नाही.

तारा छेडून बघा

ताण मोजायचं यंत्र मिळतं, पार्क टूलचं टीएम-1 बरंच चालतं. माझ्याकडे तेव्हा नव्हतं. ओसरीवर सायकल उलटी करून मी नखाने एकेक तार छेडत बसलो होतो. आमच्या शेजारच्या काकू गातात. पहाटे त्यांचा तंबोरा लागलेला असतो. त्या कुंपणापलीकडून ऐकत होत्या. पाच-सात तारांनंतर म्हणाल्या, “अरे, ही उतरलीय बघ. मागची बरी होती.”

मी म्हटलं, “काकू, तुम्हीच सांगा, मी खुणा करतो.”

मग त्या आल्याच, हातातलं मेथीचं ताट बाजूला ठेवून. मी छेडायचं, त्यांनी ‘हं’ किंवा ‘उतरली’ म्हणायचं, आणि मी उतरलेल्या तारेला चिकटपट्टी लावायची. डाव्या बाजूच्या बारा तारांपैकी चारांना चिकटपट्टी लागली. नंतर एका मित्राच्या यंत्रावर मोजलं तर त्या चार 25 ते 35 किलोंच्या होत्या, बाकीच्या पन्नासच्या पुढे. उजवीकडे 70 पासून 115 पर्यंत काहीही. यंत्राने बिचाऱ्याने काकूंपेक्षा वेगळं काही सांगितलं नाही.

कान नसेल तर फोनमधला ट्यूनरही चालतो. नियम दोनच. तार शेवटच्या फुलीच्या बाहेर, रिमच्या बाजूला छेडायची. आणि एका बाजूच्या तारांची तुलना त्याच बाजूशी करायची. मागच्या चाकात उजवीकडे कॅसेट असल्याने त्या बाजूच्या तारा जास्त उभ्या आणि जास्त ताणलेल्या असतात, डाव्या बाजूचा ताण मुळातच कमी. किती कमी? तारेचा सूर ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात चढतो. दोन्हीकडे एकाच जाडीच्या तारा असतील तर डावी बाजू षड्ज धरा, उजवी शुद्ध मध्यमावर यावी. त्या दोन स्वरांचं प्रमाण तीनास चार, त्याचा वर्ग नऊस सोळा, म्हणजे डावीकडचा ताण उजवीच्या 56 टक्के. मागच्या डिस्क चाकाला हे अगदी ठीक. काकूंनी हा हिशेब ऐकून घेतला आणि मेथी निवडायला परत गेल्या.

एक तार बदलणं म्हणजे काय

रस्त्यात तुटली तर: तुटलेली तार शेजारच्या तारेला गुंडाळा, आणि तिच्या दोन्ही बाजूंच्या, म्हणजे विरुद्ध बाजूने आलेल्या तारा अर्धा-अर्धा फेरा सैल करा. रिम बरीचशी मध्यावर येते, घरी पोचता येतं. निपल फिरवताना बहुतेकांची गफलत होते. टायरच्या बाजूने बघितलं तर घड्याळाच्या दिशेने घट्ट. आपण हबच्या बाजूने बघत असलो तर उलट दिसतं.

एखादीच तार तुटली, तीही दोन-तीन वर्षांनी, तर ती बदला आणि विसरा. दुसरी तुटली तर सगळ्या तारांचा ताण तपासून घ्या. तिसरी तुटली की त्या चाकाच्या सगळ्याच तारा बदलायच्या. बाकीच्यांनीही तेवढेच लाख फेरे सैलपणात काढलेत. त्या रांगेत उभ्या आहेत. मी पाचवीपर्यंत थांबलो ते निव्वळ चिकटपणाने, आणि दर वेळची मजुरी धरली तर तो चिकटपणा महागात पडला.

दुकानात ‘आऊट काढा’ म्हटलं की चाक सरळ करून मिळतं. सरळ चाक आणि समान ताणलेलं चाक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. एक तार फार घट्ट आणि समोरची फार घट्ट, बाकी ढिल्या, असंही चाक काट्यावर सरळ फिरतं. माझं दर वेळी असंच सरळ होत होतं. उस्तादाला सांगायचं ते हे: “ताण बघून काढा, आऊट नंतर.” माझ्या उस्तादाने यावर मान वर करून विचारलं, “भिया, इतना टाइम है आपके पास?” होता.

मग चाक कसलं घ्यावं

मूळ चाकाला मागे 24 तारा होत्या, यंत्राने बांधलेल्या. सायक्लोक्रॉसची शर्यत तासाभराची, गवत आणि चिखलातली. चिखल झाला की स्पर्धक पिटमध्ये जाऊन सायकलच बदलतात. अधिकृत आंतरराष्ट्रीय शर्यतीत टायरलाही 33 मिमीची मर्यादा आहे. त्या खेळात हलकं चाक शोभतं. राऊच्या पुलाखालचे स्पीडब्रेकर रोज दोनदा ओलांडणाऱ्या, 82 किलोच्या माणसाचा तो खेळ नाही.

मी हब ठेवला नाही, कारण त्याला भोकं 24च. नवा हब 32 भोकांचा, रिम 32 भोकांची, प्रत्येक बाजूला तीन क्रॉस, म्हणजे एकेक तार तीन तारांना फुली मारून जाणारी. आठ तारा आणि त्यांचे निपल वाढले, त्याचं वजन साठ ग्रॅमसुद्धा नाही. त्यासाठी वजनाची काळजी करणारे इंदूरच्या छप्पन दुकान खाऊगल्लीत जिलबीची दुसरी प्लेट घेतात, त्यांच्याशी मी वाद घालत नाही.

सगळ्यात जास्त विचार तारांचा करा. दुकानात सहसा मिळते ती एकसारख्या जाडीची 14 नंबरची, 2 मिमीची तार. हिच्यापेक्षा टोकांना 2 मिमी आणि मध्ये 1.8 मिमी अशी बारीक केलेली तार जास्त टिकते, हे ऐकून उस्ताद हसला होता. बारीक भाग किंचित जास्त लांबतो, रबरासारखा. त्यामुळे रिम दबली तरी तार पूर्ण सैल पडत नाही, आणि ओढ वाकाऐवजी मधल्या लांबीत वाटली जाते. सॅपिम रेस आणि डीटी कॉम्पिटिशन या दोन्ही याच मापाच्या. त्या स्टेनलेस असतात, त्यामुळे पावसाळ्यात काळ्या मातीच्या लगद्याने माखल्या तरी गंजत नाहीत. निपल पितळी. ॲल्युमिनियमचे दहा-वीस ग्रॅम वाचवतात आणि दोन पावसाळ्यांत रिममध्ये चिकटून बसतात.

रिमबद्दल थोडक्यात: दुहेरी भिंतीची, आतून 19 ते 23 मिमी रुंद, आणि मागच्या चाकासाठी भोकं एका बाजूला सरकवलेली रिम मिळाली तर उत्तम, तिने डाव्या-उजव्या ताणातला फरक कमी होतो. कार्बनचा मोह मला झाला नाही.

विकत घेण्याआधी हबची मापं फ्रेमशी जुळवा, नाहीतर सगळं मुसळ केरात. मागे क्विक रिलीज (खटक्याने सुटणारा बारीक दांडा) असेल तर 135 मिमी, थ्रू ॲक्सल (फ्रेममधून आरपार जाणारा जाड दांडा) असेल तर बहुतेक वेळा 12 मिमीचा दांडा आणि 142 मिमी रुंदी. रोटर सहा बोल्टचा की सेंटर लॉकचा (मध्ये एकाच रिंगने आवळलेला) ते बघा. रोडची 11 गिअरची कॅसेट असेल तर फ्रीहब (हबचा कॅसेट बसणारा भाग) 1.85 मिमी लांब लागतो. 10 गिअरच्या हबवर ती बसत नाही. खिसा हलका असणाऱ्यांसाठी एक आडवाट आहे: 29 इंची माउंटन बाइकची रिम आणि आपली 700 सी रिम, दोन्हींचा टायर बसण्याचा व्यास 622 मिमीच. क्विक रिलीजची 135 मिमीवाली सायकल असेल तर 32 तारांचं जुनं 29 इंची डिस्क चाक सरळ बसतं, टायर मात्र 35 ते 40 मिमीचा ठेवा.

बांधताना उभं राहा

चाक बांधणाऱ्या उस्तादाजवळ मी दुपारभर बसलो. तारांची लांबी त्याच्याकडून नव्हे, हब आणि रिमची मापं घालून आधीच काढून नेली होती. मागे उजवीकडची तार डावीपेक्षा दीड-दोन मिमी आखूड येते. आट्यांना जवसाचं तेल लावलं. घाणीवरचं साधं जवसाचं तेल: घालताना निपल सहज फिरतं, आणि काही दिवसांनी तेल वाळून चिकट झालं की आपोआप सुटत नाही. तारा ओढून झाल्यावर हबजवळचा प्रत्येक वाक लाकडी दांड्याने हलकेच ठोकून फ्लॅंजला, म्हणजे हबच्या भोकं असलेल्या कडेला, टेकवला. मग समांतर जाणाऱ्या तारांच्या जोड्या दोन्ही हातांत धरून कचकचून दाबल्या, चाकभर. पहिल्या दाबालाच ‘टिक टिक टिक’ आवाज आले, पिळलेल्या तारा मोकळ्या होत होत्या. ताण मोजला तर दहा किलो उतरलेला. पुन्हा घट्ट, पुन्हा दाब, असं चार वेळा, आवाज बंद होईपर्यंत. नव्या चाकावर पहिल्याच फेरीत असे आवाज येत असतील तर ही पायरी कुणीतरी खाल्ली आहे. दुकानात परत न्या.

शेवटी उजवीकडे 108 ते 115 किलो, डावीकडे 60 ते 65. पन्नास किलोमीटरनंतर एकदा तपासलं, दोन निपल पाव फेरा फिरवावे लागले. तेव्हापासून 1400 किलोमीटर झाले, त्यात चोरलच्या कच्च्या रस्त्यावरचा एक पावसाळी दिवस, आणि झिप टायची शेपटी अजून कुठे टिकटिकलेली नाही. पुढचं चाक 28 तारांचं मूळचंच ठेवलंय. त्याच्या तारा काकूंना ऐकवल्या, सगळ्या सुरात निघाल्या.

तरीही फ्रेमच्या दांड्याला तीन जादा तारा चिकटपट्टीने बांधून ठेवल्यात, दोन उजवीच्या आणि एक डावीची. चिकटपट्टीवर मार्करने लांबी लिहिली आहे, म्हणजे महूच्या एखाद्या दुकानात पुन्हा कुणी तीन मिमी आखूड तार हातात ठेवणार नाही.